अमानतीचे काटे

आयुष्यात मी सगळ्यात जास्त कुणावर चिडले असेन, तर ते मोठ्या पेरूएवढ्या एका जनावरावर. नवऱ्यावर चिडले, हेडमास्तरांवर चिडले, वेळेवर न येणाऱ्या एसटीवर तर रोजच; पण ती चीड संध्याकाळपर्यंत उतरायची. त्या जनावरावरची दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पुरली. त्यात त्याचा एवढाच गुन्हा की ते जे काही करायचं ते भयंकर दिसायचं आणि तसं काही नसायचं. आणि जेव्हा खरंच काही बिघडायचं तेव्हा ते अगदी साधं दिसायचं.

आम्ही तेव्हा जिंतूरला राहायचो. नामांतराचं आंदोलन चालू होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायचे. हे पाथरीला नोकरीला होते. शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत जायचे. एरवी घरात आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. आमचं घर कांदासुद्धा चातुर्मासात बाहेर ठेवणारं, आणि आत्याबाई तर एकादशीला दुसऱ्याच्या हातचं पाणी पिताना विचार करायच्या. हे आधी सांगते, कारण पुढं त्यांनी काय काय केलं ते कळायला हवं.

दिवाळी झाली की काठेवाडी गुराखी आपल्या गाई घेऊन आमच्या शिवारात उतरायचे. त्यांच्यातली एक म्हातारी दरवर्षी आम्हाला तूप द्यायची. आदल्या वर्षी आत्याबाईंच्या गळ्यातल्या पोतीतला एक सोन्याचा मणी सुटून तिच्याच तुपाच्या रिकाम्या भांड्यात पडला होता. भांडं तिच्याबरोबर गेलं. आम्ही घर झाडून काढलं, न्हाणीची मोरी उपसली, मणी सापडला नाही. आठव्या दिवशी ती म्हातारी दोन गावं मागं चालत आली, पदराची गाठ सोडली आणि मणी आत्याबाईंच्या हातावर ठेवून पाणीसुद्धा न पिता परत गेली.

तर त्या वर्षी मी शाळेतून घरी आले, तेव्हा न्हाणीशेजारी वेताची टोपली पालथी घातलेली आणि तिच्यावर वरवंटा.

"आत काय आहे?"

"अमानत हाय. हात लावू नको."

मी अर्थातच हात लावला. टोपली जरा उचलली, तर आतून असा फूत्कार आला की मी मागच्या मागं घागरीवर आदळले. मला वाटलं, साप. आत्याबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. टोपलीखाली काटेरी चेंडू होता. थोड्या वेळानं चेंडूला एका बाजूनं भेग पडली, तिच्यातून एक ओलं नाक आणि दोन मोठे कान बाहेर आले, आणि आम्हा दोघींना पाहून परत आत गेले.

काठेवाडी म्हातारीच्या नातीनं ते पाळलं होतं. पुढच्या वाटेवर सामानाच्या गाडीत हिंदकळून ते खाणं सोडत होतं. म्हणून म्हातारी त्याला आमच्याकडे ठेवून गेली होती. होळी झाली की परतीच्या वाटेवर घेऊन जाणार. कसं सांभाळायचं? "खाएगा, सोएगा, कुछ नहीं," एवढंच तिनं सांगितलं होतं. आणि आत्याबाईंनी शब्द दिला होता.

"तिनं माझा मणी परत आणला. मी तिचा जीव परत देणार," त्या म्हणाल्या. "जसा हाय तसा. त्यात फरक न्हाई."

शाळेच्या वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात मला त्याचं चित्र सापडलं. इंग्रजीत हेजहॉग, मराठीत जाहक. जाहक! हे नाव घेऊन हाक मारली असती तर एखादे हवालदार बाहेर आले असते. पुस्तकात आठ ओळी होत्या, त्यातल्या तीन दातांच्या संख्येवर. गल्लीनं मात्र पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला : हे सायाळीचं पिल्लू आहे. सायाळ म्हणजे साळिंदर. साळिंदराचे काटे वीतभर असतात, याचे अर्ध्या बोटाएवढे, हे मी ज्याला त्याला सांगत होते. "वाढंल की," म्हणायचे लोक. आमच्या गल्लीनं पाच महिने त्याच्या वाढण्याची वाट पाहिली.

सायाळ ठरल्यामुळे खरी पंचाईत झाली. आमच्याकडं समज असा की सायाळीचा काटा ज्याच्या घरात पडला त्या घरात भांडण लागतं. आणि हे जनावर तर काटे गाळायचं. रोज चार, रोज पाच. झाडताना केरसुणीत अडकायचे, आंथरुणात सापडायचे. तिसऱ्याच दिवशी समोरच्या घरची बाई, जी एरवी माझ्याकडं विरजणालासुद्धा येत नसे, ती मागच्या दारानं आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "एकच काटा द्या ना वैनी. नणंदेच्या उंबऱ्यात टाकायचाय. लय माजलीय."

मी हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी कुंकवाचा रिकामा डबा घासून पुसून भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि त्या दिवसापासून पडलेला प्रत्येक काटा त्या डब्यात जायला लागला. एक जरी काटा बाहेर गेला आणि कुणाचं घर मोडलं, तर पाप कुणाच्या माथी? शिवाय काटा म्हणजे त्या जनावराचाच भाग. जसा हाय तसा परत द्यायचा, तर काट्यांसकट द्यायचा. रोज संध्याकाळी त्या दिवसाचे काटे मोजायच्या आणि दारामागच्या भिंतीवर कोळशानं तेवढ्या रेघा ओढायच्या, पाच-पाचांचे जुडगे करून. चुन्याची भिंत, भाड्याचं घर. मी बोलले तर म्हणाल्या, "भिंतीला चुना लावता येतोय. शब्दाला न्हाई."

घरात भांडणं मात्र सुरू झालीच. काट्यांमुळं नाही, काट्यांवरून. मी म्हणायचे ही अंधश्रद्धा आहे, त्या म्हणायच्या मग तुझा आवाज एवढा का चढला?

खाण्याचंच घ्या. पहिले आठ दिवस आम्ही त्याला दूधभात दिला. घरात जे सगळ्यांना सोसतं ते त्याला का सोसणार नाही? त्याला ढाळ लागली, हिरवी. त्या आठ ओळींपैकी एकीत लिहिलं होतं की ते किडे खातं. मी ते भीत भीत सांगितलं. वाटलं, आता या टोपली उचलून रस्त्यावर ठेवतील. आत्याबाई म्हणाल्या, "वाघानं उपास केला तर पुण्य लागतंय व्हय? त्याचं ते अन्न हाय." आणि दुसऱ्या दिवशी ही एकादशीला पाणी पारखणारी बाई परसातले दगड उलटून किडे गोळा करत होती. चिमट्यानं धरायच्या, करवंटीत टाकायच्या, वर आंघोळ करायच्या. ढाळ थांबली. एकदा मात्र मी पाहिलं, तर करवंटीत किड्याबरोबर दोन चिंचोके होते आणि जनावर ते हुंगून बाजूला सारत होतं. "आता चिंचोके कशाला घातलेत?" मी खेकसले. त्या करवंटी उचलून आत गेल्या. मला वाटलं, मुद्दाम माझी खोडी काढताहेत.

मग फेसाचं प्रकरण. एका रविवारी ह्यांची चामड्याची नवी चप्पल दारात होती. जनावर टोपलीतून सुटलं, चपलेजवळ गेलं, तिला चाटायला लागलं आणि बघता बघता त्याच्या तोंडाला पांढरा फेस आला. एवढ्यावर थांबेल तर शपथ. मान पिरगाळून ते तो फेस आपल्याच पाठीवर थुंकायला लागलं, आधी डाव्या बाजूला, मग उजव्या. डोळे फिरलेले, पाय वाकडे, तोल जाऊन कलंडत होतं. आणि बरोबर आदल्या दिवशी ह्यांनी त्याला उचलायला जाऊन अंगठ्यात काटा टोचून घेतला होता.

"पिसाळलंय!" असं म्हणून हे जे बाजेवर चढले ते उतरेनात. तेव्हा पोटात चौदा सुया घ्यायला लागायच्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ह्यांचा अंगठा पाहिला, दात नव्हे काटा लागलाय ना म्हणून तीनदा विचारलं, आणि शेवटी म्हणाले, दहा दिवस जनावरावर नजर ठेवा. ते जगलं तर तुम्हाला काही नाही.

सोमवारी हे पाथरीला गेले आणि तिथून कार्डं यायला लागली. दहा दिवसांत सात कार्डं. "प्रकृती कशी आहे? खाणं जातं का? फेस परत आला होता का? ताबडतोब कळवणे." मला टायफॉइड झाला होता तेव्हा या माणसानं दोन ओळी टाकल्या नव्हत्या. मी एकाच कार्डावर उत्तर लिहिलं : "प्रकृती उत्तम. चप्पल बदलणे." कारण तोवर आमच्या लक्षात आलं होतं की नवा उग्र वास आला की ते असंच करतं. चामडं, हिंगाची डबी, माझ्या पर्समधला साबण. चाटायचं, फेस काढायचा, अंगाला फासायचा. का, ते देवाला ठाऊक. सोहळा आटपला की झोपायला मोकळं.

मी तर मग वर्गात धडा घ्यावा तसं मनात दोन रकाने करून टाकले. फूत्कार : काळजी नको. दिवसभर झोप : काळजी नको. फेस : काळजी नको. काटे गळणं : वाढीच्या वयात होतंच, काळजी नको. सगळं एकाच रकान्यात बसत होतं, म्हणून मी फार खूश होते.

मार्गशीर्षात आत्याबाई म्हणाल्या, "काटे लय पडायलेत."

"पडू द्या. आपल्याला दुधाचे दात पडून नवे येतात, तसं असतं ते."

"दात एक एक पडतेत. मूठभर पडत न्हाईत. काल सतरा, आज बावीस. भिंत बघ की."

भिंत मी पाहिली नाही. मी सायन्सची बाई. कोळशाच्या रेघांनी मला शिकवायचं? चार दिवसांनी त्या जनावराला मांडीवर घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, हात लावून बघ. काट्यांच्या मुळाशी कातडी कोंड्यासारखी सुटत होती आणि कानाच्या कडा खरखरीत झाल्या होत्या. ते मागच्या पायानं एकसारखं खाजवत होतं. ते खाजवणं तर मी आठ दिवस पाहत होते. म्हणत होते, खेळतंय.

जिंतूरचे जनावरांचे डॉक्टर भले माणूस. त्यांनी टोपलीत पाहिलं आणि हात जोडले. म्हणाले, बाई, मी बैलाम्हशींचा डॉक्टर, तुम्ही परभणीला जा. शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी टोपली घेऊन परभणीच्या गाडीत बसले. वाटेत नामांतरासाठी रास्ता रोको होता. गाडी दीड तास उभी. घोषणा देणाऱ्यांपैकी एकानं खिडकीतून टोपलीत काय आहे विचारलं. मी सांगितलं, आजारी जनावर आहे. त्यानं जवळच्या माठातला पाण्याचा गडू आणून दिला. मी टोपलीत करवंटी सरकवली, तर आतून फूत्कार आला आणि शेजारची बाई किंचाळून दुसऱ्या बाकावर गेली.

परभणीच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. गोचिडीपेक्षाही बारीक किडे कातडीत शिरले होते. लावायला पातळ औषध दिलं, आंथरूण रोज बदला आणि जुनं जाळून टाका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "लवकर आणलंत. अजून पंधरा दिवस गेले असते तर हाती लागलं नसतं. कसं लक्षात आलं?"

"सासूबाई काटे मोजतात," मी म्हणाले.

"मोजतात?" त्यांना हसू आलं नाही. "त्यांचं ऐकत जा."

हे वाक्य मी घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण रात्रीच्या जेवणाच्या आधीच सांगून टाकलं, आणि पुढचा महिनाभर पश्चात्ताप केला.

औषध लागू पडलं. काटे कमी झाले. बावीसचे बारा, बाराचे सहा, मग तीन, मग एक. पौषात तर आत्याबाई दोन-दोन दिवस म्हणायच्या, "आज काय बी न्हाई." मी सुटकेचा निःश्वास टाकला. होळी दोन महिन्यांवर होती. एकदा का ती म्हातारी आली की टोपली तिच्या हातात देऊन मी घर धुऊन काढणार होते, भिंतीला चुना देणार होते आणि किडा या विषयावर जन्मात बोलणार नव्हते.

त्यात घरात भलतंच चाललं होतं. भातात खडे येत होते. तांदूळ निवडावेत तर आत्याबाईंनी, अशी त्यांची ख्याती. त्यांनी निवडलेल्या तांदळात मला कधी खडा लागला नव्हता. आता रोज कुणाचा तरी दात वाजायचा. एकदा आमटीत साखर पडली. त्यांची भिंतीवरची रेघ आधीच्या रेघेवर चढायला लागली. मी मनात म्हणायचे, म्हातारीचं चित्त ठिकाणावर नाही, सगळा जीव त्या टोपलीत. आणि खडा लागला की ताट पुढं सरकवून उठायचे.

एक दिवस त्या म्हणाल्या, "आज काय बी न्हाई," आणि मी पाणी प्यायला उठले तर माझ्या एका तळपायात तीन काटे घुसले.

माझा तोल गेला. एका पायावर उभी राहून मी जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. काय बी न्हाई म्हणता आणि माझ्या पायात हे काय आहे? मोजायचे तर नीट मोजा, नाहीतर ते थोतांड बंद करा. तांदळात खडे, किड्यांत चिंचोके, अमानत म्हणे!

"तूच पाडले असशील," त्या म्हणाल्या. आवाज मात्र नेहमीसारखा चढला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि ह्यांची सुट्टी रद्द झाल्यानं हे आले नव्हते. सकाळी मी दारात बसून वह्या तपासत होते. आत्याबाईंना मी घरात नाही असं वाटलं असावं. त्या देवळीखाली बसल्या आणि दोन्ही तळवे फरशीवर टेकवून सावकाश फिरवायला लागल्या. हाताला काही लागलं की उचलायच्या, बोटांत फिरवायच्या, टाकून द्यायच्या. खिडकीतून ऊन आलं होतं. त्या उन्हात त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर एक काटा पडला होता, पांढऱ्या टोकाचा, मला दारातून दिसत होता. त्यांचा हात त्याच्या शेजारून गेला, परत आला, परत शेजारून गेला.

मी हातातली वही खाली ठेवली. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी नंतर कधी वाटली नाही. त्या जनावराची शी मी रोज पाहत होते, रंगासकट. त्याच्या कानाच्या कडा पाहत होते. आणि ही बाई माझ्यासमोर चिंचोक्याला किडा समजत होती, दिवसाढवळ्या फरशी चाचपत होती, आणि मी तिनं वाढलेलं ताट ढकलून उठत होते.

"आत्याबाई, कधीपासून दिसत नाही?"

त्या दचकल्या. मग हात झटकून म्हणाल्या, "दिसतंय की. धुकं पडल्यावानी दिसतंय."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून असंल. आधी कमी होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस? आंधळी म्हातारी काय सांभाळतीय, देऊन टाका कुणाला बी." त्यांनी टोपलीकडं मान वळवली. "त्याला आजार लागला तवा मला दिसत हुतं जरासं. काटे हाताला बी लागत हुते, लय हुते म्हणून. आता एक-दोनच पडतेत, ते न्हाई घावत."

मी अगदी तेच म्हणाले असते. शब्दाला शब्द तेच. मी तो काटा उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

माघात आमच्याच गावात डोळ्यांचं शिबीर होतं. मोतीबिंदूच होता, दोन्ही डोळ्यांत; एक पिकलेला. पण आत्याबाई तयार होईनात. आठ दिवस पट्टी बांधून उताणं पडायचं, मान हलवायची नाही, वाकायचं नाही. मग टोपलीकडं कोण बघणार? होळी होऊ द्या, ती येऊन घेऊन जाऊ द्या, मग बघू. मी ओरडले की होळीनंतर ऊन, उन्हात डोळ्याचं ऑपरेशन कुणी करत नाही, म्हणजे अजून एक वर्ष. तोवर काय भिंतीला धरून चालणार?

"चालीन. शब्द माझा हाय, तुझा न्हाई."

"तुमचा शब्द तो माझा शब्द," मी म्हणाले, आणि म्हणाल्याबरोबर माझं मलाच नवल वाटलं.

त्यांनी माझी परीक्षा घेतली. आठ दिवस मी काटे गोळा करून मोजायचे, मग त्या बोटांनी चाचपून परत मोजायच्या. मी किडे गोळा करायचे, त्या करवंटीत बोट घालून किती वळवळतात ते पाहायच्या. त्याचं पोट गरम आहे का, ते उलटं केल्यावर लगेच मिटतं का, हे सगळं तपासायला शिकवलं. "फुसकारलं तर भिऊ नको. फुसकारलं न्हाई तर भी," त्या म्हणाल्या. माझ्या आठ ओळींच्या पुस्तकात हे एवढं एक वाक्य असतं तरी पुरलं असतं.

शिबिरात मी रोज शाळा सुटल्यावर जायचे. एका वर्गात ओळीनं म्हाताऱ्या पडलेल्या, सगळ्यांच्या डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या, उशाला सुना-लेकी. मी बाकावर बसून हजेरी द्यायचे, "आज एक काटा. चार झुरळं खाल्ली. शी घट्ट. सकाळी फुसकारलं." शेजारच्या खाटेवरची म्हातारी घाबरून आपल्या लेकीला विचारायची, हिच्या घरी कोण हाय ग? आत्याबाईंना हसू यायचं आणि सिस्टर ओरडायच्या, आजी, हलू नका.

होळी होऊन बरेच दिवस झाले तरी म्हातारी आली नाही. मी रोज चिडत होते आणि रोज किडे शोधत होते. मग पाडव्याच्या सुमारास ती आली. आत्याबाईंना जाड भिंगाचा चष्मा येऊन चारच दिवस झाले होते आणि त्या अजून उंबरा दिसला की पाय फार उंच उचलायच्या.

म्हातारीनं टोपलीत हात घातला तसं जनावर फूत्कारून मिटलं. आत्याबाईंनी नुसता तळवा ठेवला. चेंडू उघडला, नाक बाहेर आलं.

"ये तो तुम्हारा हो गया," म्हातारी हसून म्हणाली. "रख लो. बच्ची के पास दिल बहलाने को बहुत है."

पाच महिने मी ज्या दिवसाची वाट पाहत होते तो हा. आणि माझ्याच तोंडातून "ठेवू या का?" निघालं.

"नक्को," आत्याबाई म्हणाल्या. "अमानत हाय." त्यांनी टोपली तिच्या हातात दिली आणि देवळीतला डबा काढून तिच्यापुढं उघडला. "चारशे बारा."

म्हातारीला काय समजलं कोण जाणे. तिनं डब्यात पाहिलं, मग आत्याबाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं. हसली नाही. "पूरे हैं?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

"पूरे," त्या म्हणाल्या. म्हातारीनं सगळे काटे पदरात ओतले आणि गाठ मारली, मणी बांधून आणला होता तशी.

ती गेल्यावर मी ठरल्याप्रमाणं घर धुऊन काढलं. न्हाणीशेजारची जागा मोकळी झाली होती. संध्याकाळी मी चुलीपुढं कणीक मळत होते, आत्याबाई दारालगतच्या बाजेवर बसल्या होत्या. इतकी शांतता मला सोसेना. चिडायला काहीतरी मिळावं म्हणून मी इकडंतिकडं पाहत होते.

"ते काय हाय?" आत्याबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"देवळीखाली. भिंतीच्या कडेला."

मला काही दिसलं नाही. कणकेच्या हातानं उठले, देवळीपाशी जाऊन वाकले. फरशी आणि भिंत यांच्या फटीत एक काटा अडकला होता, नुसतं पांढरं टोक वर.

"चारशे तेरा," त्या म्हणाल्या आणि बाजेवर हात आपटला. "पूरे म्हणलं मी तिला! तुझ्या मोजणीवर म्हणलं! शिकल्या-सवरल्या म्हणायच्या, पोरींना सायन्स शिकवायच्या, आन् एवढंसं घर झाडून नीट मोजता येत न्हाई! आता कुठल्या तोंडानं सांगू तिला पुढल्या साली?"

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. भातातले खडे होते, चिंचोके होते, माझ्या तळपायातले तीन काटे होते. मी बोलायला वळले आणि तशीच काटा धरून उभी राहिले. दिवे लागायची वेळ झाली होती, खोलीत अंधारत होतं. आत्याबाई बाजेवर होत्या, आणि देवळी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होती.